जुनी डिझेल पिकअप चालता चालता बंद पडते, 10-15 मिनिटांनी परत चालू होते. डिझेल पंप उतरवावा का?

पुरंदरचा_पोरगा
नमस्कार मंडळी. आमच्याकडे 2007 ची डिझेल पिकअप आहे, जुन्या पद्धतीची, नोझलना डिझेल देणारा साधा रोटरी पंप, सेन्सर-कॉम्प्युटर काही नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, 3 लाख 10 हजार किलोमीटर झालेत आणि एवढ्या वर्षांत तिनं आम्हाला कधी रस्त्यात सोडलेलं नाही. सासवडजवळ शेती आहे, वडील पहाटे 3 ला माल भरून मार्केट यार्डला निघतात आणि सकाळी 9-10 पर्यंत रिकामे क्रेट घेऊन परत येतात.

दीड महिन्यापासून गाडी मधेच बंद पडायला लागलीये. कधी आठ-दहा दिवस काहीच नाही, कधी एका आठवड्यात दोनदा. एकदम बंद. मग कितीही सेल्फ मारा, घेत नाही, आणि 10-15 मिनिटं थांबलं की अशी चालू होते की जसं काही झालंच नव्हतं. गॅरेजला नेली तर तिथे दिवसभर चालू ठेवली तरी काही होत नाही. आत्तापर्यंत डिझेल फिल्टर 2 वेळा बदलला, नोझल काढून सर्व्हिस केले, इग्निशन स्विच नवीन, बॅटरीचे टर्मिनल नवीन, साडेअकरा हजार गेले. आता गॅरेजवाला म्हणतो पंप उतरवू, 18-20 हजार सांगतोय.

परवा दिवे घाट चढताना वळणावर बंद पडली, मागे एसटी होती. वडील 63 वर्षांचे, एकटेच होते, म्हणाले ब्रेक दगडासारखा झाला आणि गाडी मागे सरकायला लागली. हॅण्डब्रेक ओढला, मागून येणाऱ्या दोन पोरांनी गाडी लावून चाकाखाली दगड टाकला म्हणून निभावलं. तेव्हापासून मला पहाटे 3 ला जाग येते आणि ते घरी येईपर्यंत लक्ष लागत नाही. आषाढी वारीत माउलींची पालखी हाच घाट चढून सासवडला येते, दरवर्षी आम्ही याच गाडीतून वारकऱ्यांसाठी पाण्याचे ड्रम नेतो, त्याच्या आधी गाडी भरवशाची झाली पाहिजे. पंपाचा खर्च करू का?

जुना_मिस्त्री
पंपाला हात लावू नका अजून. 30 वर्षं डिझेलच्याच गाड्या करतोय, रोटरी पंप खराब झाला की गाडी गरम असताना चालू व्हायला त्रास देते, ओढ जाते, धूर बदलतो. आठ दिवस ठणठणीत आणि नवव्या दिवशी बंद, असं पंप सहसा करत नाही.

आधी एक विचारतो. "एकदम बंद" म्हणजे कशी? चावी फिरवल्यावर जशी टक्कन बंद होते तशी, की आधी ओढ कमी होते, पाय दाबला तरी गाडी घेत नाही, एक-दोन गचके देते आणि मग मरते? हे तुम्ही सांगू नका, वडिलांना विचारून सांगा, स्टिअरिंगवर ते असतात. जुन्या डिझेलला एकदा चालू झाल्यावर वीज लागते ती फक्त पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडला, म्हणजे चावी ऑन असेपर्यंत डिझेलची वाट उघडी ठेवणाऱ्या विजेच्या झडपेला, बाकी सगळा खेळ डिझेल नीट पोचण्याचा. सोलेनॉइडची वीज गेली तर गाडी टक्कन मरते. डिझेल कमी पडलं तर ती रडत रडत मरते. हा फरक कळला की निम्मं काम झालं.

हडपसर_ऑटो_इलेक्ट्रिक
मिस्त्रींना अनुमोदन. मी वायरिंगवाला, त्यामुळे मला आधी वायरच दिसते. सोलेनॉइडला जाणारी वायर बऱ्याच गाड्यांत इंजिनावरून जाते, उष्णतेनं कडक होते, क्लिपपाशी आतली तार तुटते आणि वरचं इन्शुलेशन तसंच राहतं, म्हणजे बघून काही कळत नाही. गाडी हलली की जोडते, हलली की तुटते. बॉडीचं अर्थिंग सैल असेल तरी असंच होतं.

स्वस्तातला उपाय सांगतो. सोलेनॉइडच्या टर्मिनलवरून एक वायर काढून मधे फ्यूज घालून डॅशबोर्डवर आणा, तिथे 12 व्होल्टचा छोटा इंडिकेटरचा बल्ब लावा, दुसरं टोक बॉडीला. चावी ऑन असेपर्यंत बल्ब पेटलेला राहणार. गाडी मेली त्या क्षणी बल्ब विझला का, एवढंच बघायचं. विझला तर वायर, रिले, फ्यूज, स्विच यातलं काहीतरी. पेटलेला राहिला तर माझ्या धंद्यातला दोष नाही, मिस्त्रींच्या धंद्यातला आहे.

जुना_मिस्त्री
बल्ब बरोबर, पण त्यात एक भर. वीज पोचते पण सोलेनॉइडची कॉइलच गरम होऊन आतून सोडते, असंही होतं, तेव्हा बल्ब पेटलेला दिसेल आणि गाडी मेलेली असेल. म्हणून बंद पडल्यावर दुसऱ्या माणसानं चावी ऑफ-ऑन करायची आणि आपण पंपापाशी कान द्यायचा, "टक" आवाज आला पाहिजे.

आणि एक विनंती, कोणी म्हणेल सोलेनॉइडचा प्लंजर, म्हणजे आतला दांडा, काढून टाका म्हणजे कटकटच नको. करू नका. मग चावीनं गाडी बंदच होत नाही, गिअरमध्ये टाकून मारावी लागते, आणि कधी रेस अडकली तर थांबवायला काही राहत नाही.

उरुळीची_रोपवाटिका
दादा, माझ्याकडे पण रोपं पोचवायला जुनी पिकअप आहे म्हणून लिहिते. एक वही गाडीत ठेवा. बंद पडली की वेळ, जागा, चढ की उतार, माल भरलेला की रिकामी, टाकीत काटा कुठे होता, किती वेळानं चालू झाली, एवढं लिहायचं. आमच्या ड्रायव्हरला आधी कंटाळा यायचा, पण पाच नोंदी झाल्यावर आम्हाला कळलं की गाडी फक्त पावसात बंद पडते, आणि पाणी कुठून येतं ते एका दिवसात सापडलं.

आणि वडिलांना सांगा, इंजिन बंद झालं की ब्रेकला जोर देणारा बूस्टर साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोन वेळाच साथ देतो, त्यामुळे पाय सोडून परत परत दाबायचा नाही, एकदाच दाबून धरायचा. घाट उतरताना न्यूट्रल तर कधीच नाही, गिअरमध्ये असेल तर चाकं इंजिनाला फिरवत राहतात आणि व्हॅक्यूम पंपही फिरत राहतो. निघताना चाकाखालचा दगड मात्र आठवणीनं उचलून बाजूला टाकायचा, रात्री दुचाकीवाला त्या दगडावरून गेला तर त्याचं घर उघडं पडतं.

पुरंदरचा_पोरगा
सगळ्यांचे आभार. दगडाचं वडिलांना सांगितलं, ते म्हणाले उचलला होता.

वडिलांना शांतपणे बसवून विचारलं. त्यांचं म्हणणं, टक्कन नाही. आधी 4-5 सेकंद पाय मऊ पडल्यासारखा वाटतो, दाबला तरी गाडी ओढत नाही, मग दोन हिसके आणि बंद. मी त्यांना हे कधी विचारलंच नव्हतं, गॅरेजवाल्यानंही नाही.

आठवून आठवून आधीच्या जागा पण लिहिल्या. दिवे घाटात 3 वेळा, बोपदेव घाटात 1 वेळा, हडपसरच्या पुलावर चढताना 1 वेळा. जाताना माल भरलेला असतो तेव्हा एकदाही नाही, नेहमी परत येताना, रिकामी असताना. म्हणून आम्ही धरून चाललो होतो की लोडचा संबंध नाही.

जुना_मिस्त्री
लोडचाच संबंध आहे भाऊ. सासवडहून पुण्याला जाताना तुम्ही घाट उतरता, येताना चढता. माल पाठीवर असला तरी उतारावर इंजिनाला काम नाही, रिकाम्या गाडीनं घाट चढताना पाय खाली दाबलेला असतो. सगळ्या जागा चढाच्या आहेत बघा. जास्त डिझेल लागतं तेव्हाच कमी पडतंय. गॅरेजमध्ये उभ्या गाडीला दिवसभर आयडलिंगवर ठेवून हा दोष कधीच दिसणार नाही.

आता तीन प्रश्न. सकाळी पहिल्यांदा चालू करताना किती सेल्फ मारावे लागतात? टाकीचं झाकण कंपनीचं आहे का? आणि फिल्टर बदलताना गॅरेजवाल्यानं टाकीकडच्या लाइनमध्ये कॉम्प्रेसरनं हवा मारली होती का?

चाकणचा_मेकॅनिकल
मधेच एक मुद्दा. 2020 च्या एप्रिलपासून सगळीकडे बीएस 6 म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमाचं डिझेल आहे, त्यात सल्फर फक्त 10 पीपीएम, बीएस 3 च्या काळात 350 पर्यंत चालायचं. जुन्या पंपांचे आणि पाइपांचे रबर सील जुन्या डिझेलमध्ये वर्षानुवर्षं फुगून बसलेले असतात, डिझेल बदललं की ते आकसू शकतात आणि तिथून हवा ओढली जाते. ओढणाऱ्या बाजूला गळती असेल तर बाहेर थेंब दिसेलच असं नाही, कारण तिथे डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. हे पण तपासायला पाहिजे.

पुरंदरचा_पोरगा
काका, सकाळी 4-5 सेल्फ लागतात, गेली वर्षभर असंच आहे, आम्हाला वाटलं थंडीमुळे.

झाकण आता कंपनीचंच आहे, मधे दोन-तीन आठवडे नव्हतं, पेट्रोल पंपावर राहिलं बहुतेक. तेव्हा वडिलांनी तोंडावर खताच्या गोणीतलं प्लॅस्टिक ट्यूबच्या रबरानं बांधलं होतं, मग नाना पेठेतून नवीन आणलं. झाकण उघडल्यावर हवा ओढल्याचा आवाज येतो का ते पण बघितलं, येत नाही, म्हणजे हवेचं भोक मोकळं आहे ना?

आणि हो, हवा मारली होती. पहिल्यांदा फिल्टर बदलला तेव्हा. त्यानंतर 12 दिवस गाडी छान चालली, आम्हाला वाटलं फिल्टरचाच दोष होता.

जुना_मिस्त्री
झाकणाचं भोक मोकळं आहे, ते सोडून द्या. हवा मारल्यावर 12 दिवस चालली हे मात्र लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येऊ. आता कोणी परत हवा मारायला निघाला तर मारू देऊ नका, हवा मारली की अडकलेलं मागे टाकीत जातं, गाडी बरी झाल्यासारखी दाखवते आणि पुरावा हातातून जातो.

सकाळचे 4-5 सेल्फ म्हणजे कुठूनतरी हवा येतेय आणि रात्रीत डिझेल उतरून टाकीत परत जातंय. चाकणकरांचं म्हणणं इथे लागू पडतं. फिल्टर आणि पंपाच्या मधे वीतभर पारदर्शक नळी बसवा, डिझेलला टिकणारी, क्लिप घट्ट. गाडी चालू करून टॉर्चच्या उजेडात बघा, बुडबुडे दिसले की एकेक जोड तपासत मागे जायचं. नोझलवरच्या रिटर्नच्या, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या, बारीक कापडी नळ्या पण बघा, त्या हाताला चिरा पडलेल्या लागतात.

पुरंदरचा_पोरगा
नळी बसवली. चालू केल्या केल्या साबुदाण्यासारखे बारीक बुडबुडे, थांबतच नव्हते. फिल्टर हेडखाली पाणी काढायचा जो स्क्रू असतो त्याची रबर रिंग कडक होऊन चपटी झालेली, आणि रिटर्नच्या दोन नळ्या तडकलेल्या, वाकवल्या की फट उघडते. रिंग, सगळ्या रिटर्न नळ्या, डिझेल लाइनच्या पोकळ (बॅन्जो) बोल्टचे तांब्याचे वायसर, सगळं मिळून 340 रुपये. आता नळीत डिझेल काचेसारखं स्वच्छ आणि सकाळी एका सेल्फमध्ये चालू. वर्षभराचा त्रास गेला. डॅशबोर्डवर बल्ब पण बसवून घेतलाय.

मिस्त्री काका, तुमचे उपकार. आता घाट बघतो.

पुरंदरचा_पोरगा
पाच दिवसांनी आज परत बंद पडली. बोपदेव घाटात. सकाळी अजून एका सेल्फमध्येच चालू होतीये, बुडबुडे अजिबात नाहीत, तरी बंद पडली. मी सोबत होतो. बल्ब पेटलेला होता. चावी ऑफ-ऑन केली, पंपावर टक आवाज स्पष्ट आला. आता खरंच पंप का?

भोरचा_टेम्पो
माझ्या टेम्पोला सेम. पंपावर ओला फडका टाका, पंप गार झाला की चालू झाली म्हणजे पंपाचा हेड-रोटर, आतला फिरणारा भाग, घासलाय. माझ्या गाडीला हाच निघाला, 22 हजार लागले.

जुना_मिस्त्री
भोरकर, ओल्या फडक्याची परीक्षा खरी आहे, गरम डिझेल पातळ होतं आणि घासलेल्या पंपात प्रेशर तयार होत नाही. पण इथे ती फसवेल. ही गाडी 10-15 मिनिटांनी काही न करताही चालू होते, मग फडक्यानं झाली की वेळ गेल्यानं झाली ते कसं ठरवणार? आणि घासलेला पंप गरम गाडी बंद करून चालू करताना त्रास देतो, मार्केट यार्डात माल उतरवून निघताना ही गाडी कधी अडली नाही.

पोरा, बंद पडल्यावर फिल्टरवरचा हॅण्ड पंप दाबून बघितला होतास का?

पुरंदरचा_पोरगा
हो काका, वडिलांनी दाबला. एकदा दाबल्यावर वर यायलाच तयार नव्हता, चिखलात रुतलेला पाय काढावा तसा हळूहळू वर आला. दहा मिनिटांनी दाबला तेव्हा नेहमीसारखा टपकन वर आला आणि गाडी चालू झाली.

जुना_मिस्त्री
सापडलं. म्हणजे जागा सापडली, वस्तू अजून नाही.

हॅण्ड पंप वर येताना टाकीकडून डिझेल ओढतो. हवा असती तर तो फुसफुस पोकळ लागला असता. वर येत नाही म्हणजे फिल्टरच्या मागे, टाकीच्या बाजूला काहीतरी तोंड दाबून धरतंय. इंजिन बंद झालं की ओढ थांबते, ते हळूहळू सुटतं, आणि गाडी चालू होते. हवा मारल्यावर 12 दिवस का चालली तेही यात बसतं, वस्तू लांब फेकली गेली आणि फिरत फिरत परत आली.

टाकी उतरवण्याआधी खात्री करायची असेल तर 5 लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, हौद्यात केबिनच्या मागे दोरीनं घट्ट बांधा, इंजिनाजवळ किंवा सायलेन्सरजवळ अजिबात नको. फिल्टरला येणारी लाइन कॅनमध्ये आणि रिटर्नचीही लाइन कॅनमध्येच. रिटर्न विसरलात तर कॅन बघता बघता रिकामा होईल, कारण पंप जाळतो त्यापेक्षा बरंच जास्त ओढतो आणि उरलेलं परत पाठवतो. मेकॅनिकला सोबत घ्या, उजेडात जा, आणि घाट पाय दाबून चढा.

पुण्यातला_नवखा
माझी 2016 ची कॉमन रेल, म्हणजे सेन्सर-कॉम्प्युटरवाली नवीन पद्धतीची पिकअप आहे, तीही गरम झाल्यावर बंद पडते, मी पण कॅन लावून बघू का?

जुना_मिस्त्री
नको. कॉमन रेलला खूप जास्त प्रेशर असतं, असे घरगुती प्रयोग तिथे करायचे नाहीत. तुमच्या गाडीला आधी स्कॅनर लावा, क्रँक सेन्सर गरम झाल्यावर सोडतो का बघा, रेल प्रेशर बघा, इंजेक्टरचं रिटर्न मोजून घ्या. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

पुरंदरचा_पोरगा
कॅन लावून दिवे घाट 2 वेळा चढलो, तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण खाली. वडील चालवत होते, मी आणि मेकॅनिक शेजारी. एकदाही ओढ कमी झाली नाही. वरती पोचल्यावर वडील काही बोलले नाहीत, फक्त डॅशबोर्डवर हात फिरवला.

उद्या टाकी उतरवतोय.

हडपसर_ऑटो_इलेक्ट्रिक
टाकीत बघायला टॉर्चच वापरा, मोबाईलचाही चालेल, काडी-लायटर जवळ नको. फ्लोटच्या (टाकीतलं डिझेल काट्यावर दाखवणारा तरंगा) वायरी काढण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह सोडवा.

पुरंदरचा_पोरगा
मंडळी, निघालं.

टाकी रिकामी करून खाली घेतली, फ्लोटचं युनिट उचललं तर ओढायच्या पाइपच्या तोंडाची जाळी जवळजवळ स्वच्छ. माझं तर अवसानच गेलं. मग मेकॅनिकनं टाकी तिरकी करून तळाशी टॉर्च मारला, कोपऱ्यात काहीतरी पांढरट पडलेलं होतं. तारेचा आकडा करून बाहेर काढलं. तळहातापेक्षा थोडा मोठा प्लॅस्टिकचा तुकडा, पिवळट पडलेला, डिझेलनं मऊ झालेला, आणि त्याच्या मधोमध रुपयाएवढा गोल वळ उठलेला. पाइपच्या तोंडावर धरून बघितला, वळ बरोबर बसला.

खताच्या गोणीतलं प्लॅस्टिक. झाकण नव्हतं तेव्हा तोंडावर बांधलेलं तेच, फाटून आत पडलं असणार. वडिलांनी हातात घेतलं आणि बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, कचरा जाऊ नये म्हणून बांधलं होतं.

उरुळीची_रोपवाटिका
दादा, वडिलांना सांगा मनाला लावून घेऊ नका. उघड्या तोंडात पावसाचं पाणी गेलं असतं तर पंप खरंच गेला असता.

चाकणचा_मेकॅनिकल
एक प्रश्न पडला होता, प्लॅस्टिक तरंगायला पाहिजे, तळाशी पाइपपर्यंत पोचलं कसं? मग लक्षात आलं, पिशवीचं पॉलिथिन पाण्यावर तरंगतं, पण डिझेल पाण्यापेक्षा बरंच हलकं, त्यात ते बुडतं. म्हणजे ते कायम पाइपच्या तोंडाच्या आसपासच फिरत होतं. आयडलिंगला ओढ कमी, म्हणून गॅरेजमध्ये चिकटत नव्हतं. चढावर गाडी तिरकी, सगळं मागे सरकतं, ओढ जास्त, बसलं तोंडावर.

भोरचा_टेम्पो
मिस्त्री, आता माझ्या मनात आलं की माझा पंप तरी खरंच खराब होता का.

जुना_मिस्त्री
भोरकर, पंप बदलल्यावर परत बंद पडली नसेल तर पंपच होता, डोक्यात ठेवू नका.

पोरा, टाकी खोलली आहेस तर आतून डिझेलनंच दोनदा धुवून घे, पाण्यानं नको. 17-18 वर्षांचा गंज हलला असणार, तो आता सुटून फिल्टरमध्ये येईल, म्हणून फिल्टर 500 किलोमीटरवर एकदा बदल, मग नेहमीसारखा. रिटर्नच्या नळ्यांचे क्लिप आठवड्यानं परत कस. आणि झाकणाला बारीक साखळी लाव, टाकीच्या तोंडाला अडकव.

पुरंदरचा_पोरगा
साखळी लावली काका. 16 दिवस झाले, रोज घाट, एकदाही नाही. एकूण खर्च 340 आणि टाकी उतरवायचे 800. वडील आता बल्ब काढू देत नाहीत, म्हणतात राहू दे, पहाटे बरं वाटतं. फिल्टर आज आणलाय, 500 किलोमीटर केव्हाच होऊन गेले, रविवारी बदलतो. पाण्याचे ड्रम धुवून ठेवलेत, पालखीला वडकीनाल्यापासून वरपर्यंत दोन फेऱ्या धरल्यात.